लॅक्स्टन : बांध नसलेलं शिवार आणि शेतकऱ्यांचं कोर्ट

रानवाट

आमच्या घरचा बांधाचा दावा मी चौथीत असताना लागला. चुलत्यांच्या आणि आमच्या रानामधला बांध, वाद जेमतेम दीड हाताचा. तारखेला जाताना वडील कागदांची पिशवी छातीशी धरून एसटीत बसायचे, ते अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून नॉटिंगहॅमला नोकरीला आल्यावर जेव्हा कळलं की इथून तासाभरावर एक गाव आहे, जिथं शेतांना बांधच नाहीत आणि कोण किती सरकला हे शेतकरीच दरवर्षी रानात जाऊन बघतात, तेव्हा मला राहवलं नाही. नोव्हेंबर संपता संपता गेलो. त्या गावाबद्दल सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं.

गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशर परगण्यात, ऑलर्टन आणि टक्सफर्ड या दोन लहान गावांच्या अधेमधे. वस्ती अडीचशेच्या आसपास. पश्चिमेला शेरवुडचं जंगल, तिकडची जमीन वाळूची, पाणी न धरणारी. लॅक्स्टनकडे यायला लागलं की माती बदलते. लालसर, जड, चिकण. पावसात बुटाला अशी चिकटते की चार पावलांवर पाय उचलवत नाही. आपल्याकडच्या काळीत चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अशा मातीत पीक भरघोस येतं, पण नांगराला जोर लागतो आणि पाणी काढून द्यावं लागतं. गावाची सगळी गोष्ट या मातीतून सुरू होते.

गावात शिरल्यावर पहिली खूण दिसते ती घरांची. लाल विटांची, कौलारू शेतकरी घरं रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी, बऱ्याच घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे. मागं धान्याची कोठारं, गोठे, आणि त्यामागं लांबट पट्ट्याची परसबाग. इंग्लंडात इतरत्र बरेचदा शेतकऱ्याचं घर आपापल्या रानात एकटं उभं असतं. इथं सगळे गावठाणात राहतात, आपल्यासारखेच. कारण सरळ आहे. ज्याच्या जमिनीचे तुकडे चारी दिशांना आहेत त्याला गावाच्या मधोमध राहणंच सगळ्यात जवळचं. रस्त्याच्या कडेला दगडविटांचा एक लहान चौक आहे, भटकी जनावरं कोंडायचा. मी बघताक्षणी म्हणालो, हा तर कोंडवाडा!

गावाभोवती तीन मोठी शिवारं आहेत: पश्चिमेचं, दक्षिणेचं आणि गिरणीचं. गिरणीचं म्हणजे जिथं पूर्वी पवनचक्की होती ते. पूर्वेलाही एक होतं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडलं. प्रत्येक शिवारात अनेक शेतकऱ्यांचे लांबट पट्टे, एकाला लागून एक, मधे ना कुंपण ना झुडपांची रांग. नजर टाकावी तिथपर्यंत एकच रान दिसतं. पीक मात्र सगळ्यांना शिवाराच्या पाळीप्रमाणेच घ्यावं लागतं. एका शिवारात यंदा हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, म्हणजे जव किंवा घेवड्यासारखं काही, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी फिरते. पूर्वी पड म्हणजे खरीच पड असायची, अलीकडे तिथं चाऱ्याचं पीक घेऊ देतात. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातली असंख्य गावं अशीच कसत होती. ही पद्धत आजतागायत चालू असलेलं आणि तिचं कोर्टही जिवंत असलेलं गाव हेच.

पट्टे विखुरलेले का? आपल्याकडे तीन भावांत वाटणी होताना प्रत्येकाला काळीतला एक, माळावरचा एक, ओढ्याकाठचा एक असा वाटा देतात, त्यामागचंच गणित. चांगली माती एकाच्याच पदरात आणि पाणथळ दुसऱ्याच्याच, असं व्हायला नको. एका कोपऱ्यात गारपीट झाली तरी सगळं पीक एकाचंच जाऊ नये. आणि पट्टे लांब का? जड नांगर ओढणारी बैलांची लांबलचक रांग वळवणं हा सगळ्यात कष्टाचा भाग. वळणं जितकी कमी तितकं बरं. म्हणून तास लांब. इंग्रजीतला फर्लांग हा शब्दच 'एका तासाची लांबी' या अर्थाचा आहे.

१६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं या गावाचा नकाशा काढला. चर्मपत्राचे नऊ ताव. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकूण एक पट्टा दाखवलाय, संख्या दोन हजारांच्या वर, आणि प्रत्येक पट्टा कुणाकडे, किती क्षेत्राचा, याची वेगळी वही. मला सगळ्यात आवडलं ते असं, की त्यानं नुसत्या रेघा मारल्या नाहीत. पट्ट्यांमध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान माणसं काढलीत. कुणी नांगर धरलाय, कुणी कापणी करतंय, गवत भरलेली गाडी चाललीय. मी प्रत बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

आता कोर्ट. याला 'कोर्ट लीट', म्हणजे जहागिरीचं जुनं गावकोर्ट, म्हणतात. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरी, म्हणजे गावातलेच डझनभर पंच, नुकताच गहू पेरलेल्या शिवारात जातात. त्याच शिवारात का, तर पडीचं वर्ष नुकतं संपलेलं, नांगरट नवी, म्हणजे कुणी हद्द ओलांडली असेल तर ती आत्ताच. पट्ट्यांच्या टोकाला लाकडी खुंट्या ठोकायच्या, त्या एका ओळीत येतात का बघायचं, चर बुजवलेत का, सामाईक वाटेत कुणी नांगर घातलाय का, गवताच्या पट्टीत घुसलाय का, ते टिपून ठेवायचं. मग सगळे गावातल्या 'डव्हकोट इन' या खानावळीत जेवायला. पुढच्या आठवड्यात त्याच खानावळीत कोर्ट बसतं. जहागीरदाराचा कारभारी अध्यक्ष, ज्युरी अहवाल देते, दंड ठरतो, आणि पुढच्या वर्षीच्या पंचांना शपथ दिली जाते.

मी वाटेवर उभा राहून बघत होतो. एक खुंटी माझ्यापासून दहा पावलांवर ठोकली. ताज्या लाकडाची, टोक तासलेलं, मनगटाएवढी जाड. एकानं धरली, दुसऱ्यानं घाव घातले, तिसरा लांब टोकाला उभा राहून हातानं खुणावत होता, डावीकडे, अजून थोडी डावीकडे. लाल माती सोडत सोडत खुंटी आत गेली. अर्धा मिनिट लागलं असेल. माझ्या वडिलांची सगळी उमेद ज्यात गेली ते काम अर्ध्या मिनिटात झालं.

बांध कोरणं हा माणसाचा स्वभाव आहे, तो तिथंही आहे. नसता तर कोर्टच लागलं नसतं. पण तिथं त्याला वर्षभराच्या आत, रानातच, सगळ्यांसमोर गाठतात. वैर मुरायला वेळच देत नाहीत.

---

ज्वारीची_कणसं

दादा, वाचून गलबलून आलं. आम्ही बार्शीकडचे. आमच्याकडे चार एकर तीन ठिकाणी आहे, आणि दरवेळी कुणीतरी शहाणा सांगतो की एकत्र करा, तुकड्यात शेती परवडत नाही. पण ओढ्याकाठचं रान नसतं तर २०१८च्या दुष्काळात आम्ही काय खाल्लं असतं? आजोबा म्हणायचे, सगळी अंडी एका डालग्याखाली ठेवू नयेत. तुम्ही लिहिलेलं वाचून कळलं की अडाणीपणानं केलेली वाटणी नव्हती ती.

एक विचारायचं होतं. बांधच नाही तर तण, कुंदा, हरळी इकडून तिकडे जात नाही का? शेजाऱ्यानं रान घाण ठेवलं तर?

---

साखळी_आणि_टिपण

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. उभा जन्म हद्दी कायम करण्यात गेला, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या सातबाऱ्यावरचा एकर हा लॅक्स्टनसारख्या शिवारातूनच आलेला आहे. एक फर्लांग लांब आणि बावीस यार्ड रुंद पट्टा म्हणजे एक एकर, साधारण एका दिवसाची नांगरट. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६२० साली मोजणीसाठी साखळी आणली ती बरोबर बावीस यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. पट्ट्याच्या रुंदीएवढी. दहा साखळ्या लांब आणि एक साखळी रुंद, झाला एकर.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून जमाबंदीची नवी घडी बसवायला घेतली. या मोजणीत साखळी वापरली ती ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी, आणि तिचे भाग पाडले सोळा आणे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. जुनी टिपणं, म्हणजे मोजणीच्या वेळच्या नोंदी, बघा, सगळी मापं साखळी आणि आण्यात आहेत. आमच्या पिढीनं टिपणावरून फाळणीचा नकाशा काढताना हे आकडे हजारदा लिहिले. पण ते कुठल्या बैलांच्या कुठल्या तासावरून आले, ते मला खात्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः निवृत्तीनंतर वाचून काढलं.

रानवाट, तुम्ही लिहिलंय की तिसरा माणूस लांब उभा राहून खुणावत होता. त्याला आम्ही ओळ साधणं म्हणायचो. हद्दीची खुंटी ठोकताना दोन्ही खातेदार हजर असले आणि दोघांनी डोळ्यानं ओळ बघितली, तर पुढं भांडण सहसा राहत नाही. कागदावर कितीही अचूक मोजणी द्या, ज्यानं डोळ्यानं बघितली नाही तो मानत नाही. हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव.

---

माहेर_कोरेगाव

लेख मनापासून लिहिलाय, पण एक गोष्ट खटकली. जहागीरदाराचा कारभारी अध्यक्ष? म्हणजे जमीन शेतकऱ्यांची नाहीच की. कूळच ते. ज्याच्या नावावर काही नाही तो कुळकायद्याआधीच्या आमच्या आजीसारखा. तिनं मालकाच्या रानात जन्म काढला. तेव्हा तिथं गावकी होती असं म्हणताना ती कुणाच्या छत्राखाली होती हेही सांगायला हवं.

---

रानवाट

माहेर_कोरेगाव, ताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि ते मी पहिल्याच लेखात लिहायला हवं होतं.

लॅक्स्टनचे शेतकरी कूळच आहेत. गाव नॉर्मन काळापासून, म्हणजे अकराव्या शतकापासून, कुणा ना कुणा सरदाराचं. उत्तरेच्या टेकाडावर अजून मातीच्या किल्ल्याची उंच टेंभी आणि खंदक आहेत, दगड एकही शिल्लक नाही, नुसतं गवत. शेरवुडच्या शाही जंगलाची राखण पिढीजात ज्यांच्याकडे होती ती घराणी इथून कारभार बघायची. गावच्या चर्चमध्ये त्यांच्यातल्या एव्हरिंगहॅम घराण्याच्या मूर्ती आहेत. त्यात एक बाई ओक लाकडात कोरलेली आहे, सातएकशे वर्षांपूर्वीची. लाकडाला भेगा गेल्यात, पण हात जोडलेले ओळखू येतात.

हे शिवार टिकलं तेही कुणाच्या दूरदृष्टीनं नाही. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटात पाच हजारांवर विधेयकं आली आणि इंग्लंडच्या सुमारे एक पंचमांश जमिनीला कुंपणं पडली, ६८ लाख एकर. सामाईक शिवार मोडायचं, पट्टे एकत्र करून वाटायचे, भोवती झुडपं लावायची. इंग्लंडच्या फोटोत आपण जी हिरव्या चौकटींची शेतं बघतो त्यातली पुष्कळशी तेव्हाची. मोठ्या मालकांचं उत्पन्न वाढलं. ज्या गरिबाची एक गाय गायरानावर जगत होती त्याचं गायरान गेलं, आणि पुष्कळजण मजूर झाले. लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपण पडलंच. पण एकोणिसाव्या शतकात इथं मॅनव्हर्स आणि स्कारबरो अशी दोन उमराव घराणी मोठी मालक होती आणि त्यांचं जमेना. त्यांचं एकमत होईपर्यंत बाकीच्या देशातली लाट ओसरली. १९०० नंतर यंत्रं आली तेव्हा पट्टे एकत्र करून संख्या पुष्कळ कमी केली, म्हणून आजचे पट्टे १६३५च्या मानानं रुंद आहेत.

१९५२ साली मॅनव्हर्स उमरावांनी गाव सरकारच्या शेतीखात्याला विकलं, ते मोडू नये या हेतूनं. १९८१ मध्ये ते क्राऊन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, आणि २०२० मध्ये परत मॅनव्हर्सांच्या थोर्सबी इस्टेटीच्या वारसांकडे. १९७७ साली कायदा करून देशभरातल्या अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचं तेवढं ठेवलं.

म्हणजे जमिनीची मालकी वरची, हे खरंच. पण खुंटी कुठं ठोकायची हे कसणारेच ठरवतात, हेही खरं. आपल्याकडे कुळकायद्यानं जमीन कसणाऱ्याच्या नावावर आली, ही फार मोठी गोष्ट झाली. माझे आजोबाही त्यातलेच. पण बांधाचा निवाडा गावाच्या हातून गेला तो परत आला नाही, त्याची खंत मला आहे.

ज्वारीची_कणसं, तणाचा प्रश्न खरा आहे. उत्तरातला एक भाग पडीत आहे. तीन वर्षांतून एकदा अख्खं शिवार एकदम पड असायचं, तेव्हा सगळ्यांनी मिळून उन्हात नांगरून तण मारायचं. एकट्याच्या पट्ट्यात ते जमलं नसतं. शिवाय कापणीनंतर सगळ्यांची जनावरं सगळ्या शिवारात चरायची, कुणाचा पट्टा बघायचा नाही. चरायचा हक्क घरामागं ठरलेला. जनावरांनी तण खाल्लं, खत टाकलं.

---

काळी_नदी_कारवार

हा धागा माझ्या गावापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

१६३५चा नकाशा मार्क पिअर्सनं काढला, पण काढून घेतला कुणी? सर विल्यम कोर्टेन. लंडनचा बडा व्यापारी, लॅक्स्टन त्यानं विकत घेतलं होतं आणि आपल्या हाती नेमकं काय आलंय ते त्याला बघायचं होतं. याच कोर्टेनच्या व्यापारी मंडळीला पहिल्या चार्ल्स राजानं १६३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता डावलून हिंदुस्थानाशी व्यापाराची परवानगी दिली. १६३६च्या वसंतात कॅप्टन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजं निघाली आणि त्याच वर्षी गोव्याला लागली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी इंग्रजांचा तह १६३५ मध्ये झाला होता, म्हणून बंदर उघडं होतं. तिथून जहाजं भटकळला गेली, मग पुढं चीनला. १६३८ मध्ये याच मंडळीनं कारवारला वखार घातली. घाटावरच्या सोंदे संस्थानातल्या मिरीसाठी. आमच्याकडे कारवारजवळच्या कडवाडचं नाव निघालं की म्हातारी माणसं अजून मिरी आणि जहाजांबद्दल बोलतात.

कोर्टेन १६३६ मध्येच गेला, जहाजं समुद्रात असताना. त्याला ना मिरी दिसली ना नफा. पुढं वारसांचं दिवाळं निघालं आणि लॅक्स्टन पिअरपाँट घराण्याकडे गेलं, मॅनव्हर्स त्यांचेच.

एकाच माणसाच्या पैशातून एकाच सुमाराला एका इंग्रजी खेड्यातला पट्टा न् पट्टा कागदावर आला आणि काळी नदीच्या मुखाशी वखार उभी राहिली. मी रोज त्या बंदरावरून जाते. आता जाताना नांगर धरलेला तो बोटभर माणूस आठवणार.

---

साखळी_आणि_टिपण

काळी_नदी, ताई, फार मोलाची माहिती दिलीत. नकाशा काढणारा आणि काढून घेणारा यांच्यातलं नातं नेहमी असंच असतं. मोजणी शेतकऱ्यासाठी क्वचितच सुरू होते, ती वसुलीसाठी सुरू होते. पण एकदा कागद झाला की तो शेतकऱ्याच्याही कामाला येतो. इंदापूरचंही तेच झालं.

---

ज्वारीची_कणसं

रानवाट दादा, तुम्ही 'गवताच्या पट्टीत घुसलाय का' असं लिहिलंय, ती पट्टी काय असते? आणि दंड किती असतो?

---

रानवाट

शिवारात मधेमधे सखल, ओल्या जागा आहेत जिथं नांगर चालत नाही. ओहोळाच्या कडा, उतार. त्या कधीच नांगरल्या गेल्या नाहीत, कायम गवताच्या. त्यांना 'साइक' म्हणतात. तिथल्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो, आपल्या कुरणाच्या लिलावासारखा. ज्याची बोली तो कापून नेतो. खत नाही, फवारणी नाही, शेकडो वर्षं नांगर नाही, त्यामुळे तिथं जी रानफुलं उरलीत ती आजूबाजूला दिसत नाहीत, म्हणून सरकारनं त्या पट्ट्यांना संरक्षण दिलंय. मी नोव्हेंबरात गेलो, फुलं काही नव्हती, पण नांगरलेल्या लाल रानामधून हिरवी वळणं गेलेली लांबूनच दिसत होती. या पट्टीत नांगर हातभर जरी घुसला तरी ज्युरी लिहून घेते.

दंडाची रक्कम कुणाचं दिवाळं काढणारी नसते. नाव सगळ्यांसमोर वाचलं जातं, ते माणसाला जास्त लागतं.

साखळी_आणि_टिपण काका, तुमचा प्रतिसाद मी काल वडिलांना फोनवर वाचून दाखवला. एकर आणि साखळीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ गप्प होते. नंतर एकच विचारलं, ती खुंटी ठोकताना दोन्ही बाजूचे हजर असतात का रे? मी सांगितलं, गावात शेतकरी उरलेत मोजके, आणि ज्युरी त्यांच्यातलीच, त्यामुळे बरेचदा एका पट्ट्याचा शेतकरी खुंटी धरतो आणि शेजारच्या पट्ट्याचा घाव घालतो.